डाव्या हातातला चुडा

मी भंगारवाला नाही. हे आधीच सांगतो, कारण आमच्या नात्यातले लोक पाठीमागे मला तेच म्हणतात. मी जुन्या इमारतींचा माल घेतो. लालबाग, परळ, गिरगाव या पट्ट्यात एखादी चाळ पाडायला काढली की पाडणाऱ्यांच्या आधी मी आत जातो. सागाच्या तुळया, दरवाजे, बिडाचे खांब, जिन्याचे कठडे, पाण्याचे पाईप, सगळं बघतो, एकत्र भाव ठरवतो आणि उचलतो. डिलाईल रोडच्या एका खोलीत आम्ही वाढलो. वडिलांची गिरणी बंद झाली तेव्हा थोरल्या भावाचं कॉलेज चालू राहिलं आणि माझी शाळा सुटली. तो बँकेत लागला, ठाकूरद्वारला घर केलं. मी पहिला दरवाजा हातगाडीवरून ओढत नेऊन विकला. भाव करणं एवढंच माझं शिक्षण. समोरचा जे पहिल्यांदा बोलतो ते त्याचं शेवटचं नसतं, हे मला कळतं. कोण खोटं बोलतंय हेही कळतं, असं मी धरून चाललो होतो.

बायकोच्या किडन्या निकामी झाल्या तेव्हा मी डॉक्टरांसमोरही तसाच बसलो. परळच्या हॉस्पिटलातल्या त्या डॉक्टर वयाने माझ्या पुतणीहून थोड्या मोठ्या असतील. त्यांनी आठवड्यातून तीनदा डायलिसिस सांगितलं. मी दोनदा म्हटलं. त्या म्हणाल्या, तीनदा. मी म्हटलं, बरं, तीनदा, पण वेळ थोडा कमी करा, तिला बसवत नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि शांतपणे म्हणाल्या, "काका, इथे भाव होत नाही." मला राग आला. शेजारी बसलेली माझी बायको मात्र हसत होती. घरी येताना टॅक्सीत म्हणाली, "बरं वाटलं हो. एवढ्या वर्षांत तुम्हाला कोणीतरी भेटलं."

मग तिच्या डाव्या हातात फिस्टुला केला. मनगटाच्या जरा वर एक धमनी आणि एक शीर एकमेकांना जोडतात. धमनीतलं जोराचं रक्त शिरेत घुसतं, शीर फुगते, जाड होते, आणि मग डायलिसिसच्या मोठ्या सुया तिच्यात टोचता येतात. त्या जागी बोट ठेवलं की आत थरथर लागते. पंप चालू असताना चाळीच्या पाण्याच्या पाईपवर हात ठेवून बघा, तशी. डॉक्टर म्हणाल्या होत्या, ही थरथर रोज बघायची, थांबली तर लगेच धावत यायचं. ते काम मी घेतलं. सकाळी चपला घालण्याआधी मी तिच्या मनगटावर दोन बोटं ठेवायचो.

"काय, चालू आहे का दुकान?" ती विचारायची.

"चालू आहे," मी म्हणायचो आणि निघायचो.

त्या हाताची मी राखणच केली म्हणा. त्या हातावर बीपी घ्यायचं नाही, सुई टोचायची नाही, पिशवी उचलायची नाही, कुशीवर झोपताना तो खाली येऊ द्यायचा नाही. ब्लाउजची डावी बाही मी शिंप्याकडे स्वतः उभा राहून सैल करून घेतली. आणि त्या हातात काही घालायचं नाही. घड्याळ नाही, दोरा नाही, बांगडी तर नाहीच. उजव्या हातात बांगड्या आणि डावा ओका. इमारतीतल्या बायका हळदीकुंकवाला बोलावत तेव्हा ती डाव्या हातावर पदर घेऊन जायची. एकदा कोणीतरी विचारलं, "अगो, एका हाताला नवरा आणि दुसरा हात विधवा काय?" ती घरी येऊन मला हे हसत सांगत होती. मी त्या बाईच्या दारात जाऊन भांडून आलो. त्यानंतर बायकोने मला असलं काही सांगायचं बंद केलं.

एवढं सगळं किडनीचं. हृदयाचं मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी ते नीट ऐकलंच नाही, कारण ऐकण्यासारखं आहे असं वाटलं नाही. छातीची सोनोग्राफी केल्यावर डॉक्टर म्हणाल्या, हृदयाची भिंत जाड झाली आहे. मी म्हटलं, मग चांगलंच की. जुन्या चाळींच्या भिंती जाड आहेत म्हणून तर त्या शंभर वर्षं उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, हृदयाचं तसं नसतं. किडनी पाणी बाहेर टाकत नाही, ते रक्तात राहतं, दाब वाढतो, त्या दाबाविरुद्ध हृदयाला ढकलत राहावं लागतं. सारखं ढकलून ढकलून त्याचा स्नायू जाड होतो आणि जाड झाला की कडक होतो. मग ते नीट सैल पडत नाही, नीट भरत नाही. वरून अंगात रक्त कमी, म्हणून त्याला आणखी धावावं लागतं. मी मान हलवली. मनात म्हटलं, आपण किडनीसाठी आलोय, या बाईंनी दुसऱ्याच खोलीचा विषय काढला.

पाण्यावर बंधन आलं. दिवसाचं पाणी ती एका स्टीलच्या तांब्यात मोजून घ्यायची आणि घोट घोट पुरवायची. तहान फार लागली की बर्फाचा तुकडा गालात धरायची. सुकट, बोंबील, दूध, सगळं कमी झालं. जेवताना गोळी खायची, अन्नातला फॉस्फरस अंगात जाऊ नये म्हणून. सुकटीचं तिला फार वाईट वाटायचं. मालवणकडची बाई ती. सुकटीचा वास शेजारून आला की खिडकीशी जाऊन उभी राहायची आणि म्हणायची, "वासात काही फॉस्फरस नसतो, विचारलंय मी."

पुतणीचं लग्न ठरलं ते याच काळात. आम्हाला मूल नाही. भावाची ही मुलगी कॉलेजच्या वर्षांत आमच्याकडे राहिली होती, आमच्या लालबागच्या घरून तिला कॉलेज जवळ पडायचं म्हणून. तिचे केस माझी बायको विंचरायची, तिचे डबे तीच भरायची. लग्नाची बोलणी झाली तेव्हा ती पोरगी आईआधी काकीला सांगायला आली. माझ्या बायकोला त्या दिवसांत धाप लागायची, दोन जिने चढली तरी मध्ये थांबायची. पण लग्नाचं नाव काढलं की चेहरा बदलायचा.

आमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी चुडा भरतात. कासार घरी येतो, आधी नवरीला आणि मग घरातल्या सगळ्या सवाष्णींना हिरव्या बांगड्या भरतो. दोन्ही हातांत. ठाकूरद्वारला भावाच्या घरी हा कार्यक्रम दुपारचा होता. मी नव्हतो. गिरगावात एका वाडीत माल बघायला गेलो होतो. बायकोला सकाळी ठाकूरद्वारला सोडताना मी वहिनीला, म्हणजे थोरल्या भावाच्या बायकोला, दारातच सांगितलं होतं की हिच्या डाव्या हाताला कासाराने हात लावायचा नाही. वहिनी म्हणाली, "माहीत आहे हो भावजी, किती वेळा सांगाल." बायको त्या रात्री तिथेच राहिली.

दुसऱ्या दिवशी दादरच्या हॉलमध्ये लग्न. मी पहाटेपासून जेवणवाला, मंडपवाला यांच्या मागे. बायको दिसली ती लांबून, नऊवारी नेसलेली, डावा हात पदराखाली. मला वाटलं, नेहमीसारखाच. जेवणाच्या पंगती उठल्यावर ती कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेली दिसली. चेहरा उतरलेला. मी पाणी विचारायला गेलो आणि पदराखाली हिरवं काही चमकलं.

पदर बाजूला केला. डाव्या हातात गच्च चुडा. हात सुजलेला, बांगड्या मांसात रुतलेल्या. मी त्यांच्या वरच्या बाजूला दोन बोटं ठेवली. काही नाही. पुन्हा ठेवली, जरा सरकवून. काही नाही. पंप बंद पडल्यावर पाईप कसा गार, मुका लागतो, तसा तो हात होता.

त्यानंतर मी काय केलं ते तिथल्या सगळ्यांनी पाहिलं. टेबलावरचा नॅपकिन घेतला, तिच्या मनगटावर गुंडाळला आणि एकेक बांगडी दाबून फोडली. लग्नाच्या हॉलमध्ये, नवरी अजून स्टेजवर असताना, नवरा जिवंत असलेल्या बाईच्या हातातला हिरवा चुडा. बायका धावत आल्या. वहिनी सगळ्यात पुढे.

"माझ्या मुलीच्या मांडवात काचा पाडल्यात तुम्ही," ती म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुम्ही तिचा हात मारलात," मी म्हणालो. "एक दिवस ओका राहिला असता तर काय तुमचा जावई पळून जाणार होता?"

बायको म्हणत होती, अहो, पुरे. भाऊ म्हणत होता, घरी बोलू. मी तिला उचलून टॅक्सीत घातलं आणि परळला नेलं. त्या दिवसापासून वहिनीशी मी बोललो नाही. भावाशी बोललो तेही फोनवर, कामापुरतं.

फिस्टुला उघडला नाही. आत रक्ताची गाठ धरली होती, ती काढायचा प्रयत्न झाला, दोन दिवस थरथर आली आणि पुन्हा गेली. मग मानेत नळी घातली आणि तिच्यातून डायलिसिस सुरू केलं. नळीतून थंडीताप आला. तो उतरला तेव्हा ती अर्धी झाली होती. पायांवर सूज, झोपताना पाठीला उशा, एक उशी कमी झाली तरी श्वास अडकायचा. मी रोज सकाळी सवयीने डाव्या मनगटावर बोटं ठेवायचोच. ती म्हणायची, "बंद दुकानाच्या फळीवर काय टकटक करता?"

नवीन फिस्टुलासाठी हातांचे फोटो काढले. त्या एक्स-रेवर मला हाडं दिसली आणि हाडांच्या शेजारून जाणाऱ्या बारीक पांढऱ्या रेघा दिसल्या, दुहेरी, रुळांसारख्या. मी विचारलं, हे काय. डॉक्टर म्हणाल्या, या धमन्या आहेत. एरवी एक्स-रेत धमन्या दिसत नाहीत. यांच्यात कॅल्शियम बसलंय म्हणून दिसतायत. किडनी बंद असली की फॉस्फरस बाहेर पडत नाही, कॅल्शियमचा हिशेब बिघडतो, आणि जो क्षार हाडात जायचा तो नळ्यांच्या भिंतीत जाऊन बसतो. हातात आहे, पायात आहे, हृदयाच्या नळ्यांतही असणार.

यापुढे मला समजावायची गरज नव्हती. चाळींमधले जुने पाईप मी आयुष्यभर कापत आलोय. बाहेरून मनगटाएवढा पाईप, रंग दिलेला, कुठे गळत नाही, आणि आडवा कापला की आत क्षार धरून धरून भोक पेन्सिलीएवढं उरलेलं. माणसं वर्षानुवर्षं म्हणत असतात, पाण्याला जोर नाही, पंप बदला. पंप बदलतात. नवा पंपही त्याच भोकातून ढकलतो आणि जळतो. तो फोटो मी उजेडाकडे धरून पुन्हा बघितला. पण राग गेला नाही. मी बायकोला बाहेर बसवून आत आलो आणि डॉक्टरांना सरळ विचारलं, फिस्टुला बांगड्यांमुळे गेला की नाही.

त्या म्हणाल्या, सांगता येणार नाही. शिरा आतून अरुंद झाल्या, हृदयाचा जोर कमी पडला, रक्तदाब खाली गेला, की फिस्टुला आपला आपणही बंद पडतो. हात सुजला होता तो आधी बंद पडला म्हणून सुजला की दाबामुळे, हे आता कोण सांगणार.

"निम्मं तरी?" मी विचारलं.

"काय निम्मं?"

"दोष. निम्मा तरी बांगड्यांचा धरा."

या वेळी त्यांनी भाव होत नाही असं म्हटलं नाही. म्हणाल्या, "काका, तुम्ही किडनीकडे बघताय आणि बांगड्यांकडे बघताय. मला काळजी तिच्या हृदयाची आहे. ते दमलंय. किडनीच्या पेशंटचं जास्त करून तिथेच बिघडतं." मग त्यांनी सांगितलं की शनिवार-रविवार मिळून डायलिसिसला जी मोठी सुट्टी पडते तिच्यात फार जपा, पाणी साठतं, पोटॅशियम चढतं, आणि अशा हृदयाला तेवढं पुरतं.

मी बाहेर आलो. मला निम्मंही मिळालं नव्हतं. पण मी मनात पूर्णच धरलं. मला ते धरायला पाहिजेच होतं. नळ्यांत बसलेल्या चुन्यावर कोणी रागावू शकत नाही. वहिनीला चेहरा होता, घर होतं, ठाकूरद्वारचा जिना होता, जो मी चढत नव्हतो.

एका बुधवारी डायलिसिसच्या खुर्चीत बसलेली असताना बायको स्वतःहून म्हणाली, "ताई नको म्हणत होत्या. मीच हात पुढे केला."

मी म्हटलं, तू वहिनीला वाचवायला बोलतेस.

"एवढी वर्षं मी अर्धी नटले. पोरीचा चुडा होता. म्हटलं, एक दिवस." मशीनकडे बघत ती बोलत होती. "कासाराला म्हटलं, भर. त्याने ताईंकडे बघितलं. मी म्हटलं, त्यांच्याकडे काय बघतोस, हात माझा आहे."

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही ऐकलं असतंत?"

मी म्हणालो की वहिनी घरची मोठी, तिने कासाराचा हात धरायला हवा होता. मी पुढेही बरंच बोललो. तिने डोळे मिटले आणि म्हणाली, "तुमच्याशी भाव करायला मी पाडणारा कंत्राटदार नाही. खरं ते सांगितलं. घ्यायचं तर घ्या." मी घेतलं नाही. माझी बायको आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका आपल्या अंगावर घेत आली होती. हीही त्यातलीच, असं मी धरलं.

ती गेली सोमवारी सकाळी. रविवारी ठीक होती. तांब्यातलं पाणी संध्याकाळपर्यंत पुरवलं होतं, पुतणीशी फोनवर हसली होती. सोमवारी हॉस्पिटलला निघायचं म्हणून दाराशी खुर्चीवर बसून चपला घालत होती. एक घातली. दुसरीला हात लावला आणि पुढे झुकली. मला वाटलं, चप्पल सापडत नाही. मी म्हटलं, थांब, मी देतो. मी वाकेपर्यंत सगळं संपलं होतं. खालच्या मजल्यावरचा मुलगा गाडी घेऊन आला, आम्ही परळला नेलं. डॉक्टर खाली आल्या, बघितलं, आणि माझ्या दंडाला धरून म्हणाल्या की हृदय बंद पडलं, तिला कळलंही नसेल. एवढी वर्षं मी किडनीशी भांडत होतो आणि ती गेली हृदयाने. मी त्यांनाही काहीतरी बोललो असेन. त्यांनी माझा दंड सोडला नाही.

दुपारी घरी आणली. ठाकूरद्वारहून भाऊ आला, मागोमाग वहिनी. पुतणीच्या लग्नानंतर ती आमच्या उंबऱ्याशी पहिल्यांदा येत होती. मी खिडकीशी उभा होतो, वळलो नाही. बायकांनी आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं. सवाष्ण गेली की तिला हिरवी साडी नेसवतात, मळवट भरतात, हिरवा चुडा भरतात. आतून पाण्याचा, भांड्यांचा आणि पुतणीच्या रडण्याचा आवाज येत होता.

मग दार उघडलं आणि वहिनी बाहेर आली. सगळ्यांसमोर माझ्यापुढे उभी राहिली. हातात बांगड्यांची जुडी, कागदात गुंडाळलेली.

"भावजी, उजवा भरला. डाव्याचं काय करायचं, तुम्ही सांगा."

भाऊ पुढे होऊ लागला, तिने हातानेच त्याला थांबवलं. मला माहीत होतं की मी नाही म्हटलं तर ती परत आत जाईल आणि तो हात ओकाच जाईल. कोणी मला दोष दिला नसता. मी नाही म्हणायलाच तोंड उघडलं होतं.

मी आत गेलो. बायका बाजूला सरल्या. डावा हात साडीवर ठेवलेला होता, मनगटावर ती जुनी फुगलेली शीर, दोरखंडासारखी, आणि सुयांच्या खुणा. मी दोन बोटं ठेवली. तिथे वर्षभर काहीच नव्हतं, तरी ठेवली. मग माझ्या तोंडून धंद्यातलं बोलतो तसं निघालं, "सव्वादोनच्या मापाच्या नाही जाणार. अंगठ्यामागची गाठ मोठी आहे. अडीचच्या लागतील."

"अडीचच्याच आणल्यात," वहिनी म्हणाली. तिने कागद सोडला. खाली बघूनच म्हणाली, "तेव्हाही अडीचच्याच भरल्या होत्या. सैल. लग्नाच्या सकाळी कोपरापर्यंत खेळत होत्या. हात दुपारी सुजला."

मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. माल खोटा असला की विकणारा तुमच्या डोळ्यांत बघून बोलतो. ती बघत नव्हती. एवढं वर्षभर मी तिला एकदाही माप विचारलं नव्हतं, आणि त्या बांगड्या तर मी नॅपकिनमध्येच संपवल्या होत्या. खरं असेल. नसेल. राग मला अजून येतो, ठाकूरद्वारचा तो जिना मी अजूनही चढलेलो नाही. पण त्या दुपारी मी तिच्यासमोर खाली बसलो.

हात ताठ होऊ लागला होता, वहिनीला एकटीला जमेना. मी बायकोचा डावा हात कोपराखाली धरून उचलला, बोटं जुळवली, आणि वहिनीने एकेक बांगडी चढवली. गाठीपाशी जरा अडायची, मग सरकायची. जुडी संपली तेव्हा तिने हळूच एक बांगडी वर ओढून बघितली, जागा आहे का ते. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. मीही बोट घालून बघितलं. जागा होती.